पूर्वसूरींच्या वहीतून पहिल्या पुस्तकापर्यंत

८ सप्टेंबर २०२४ रोजी, मरियामातेच्या जन्माच्या सणाला, रविवारच्या मिस्सानंतर, म्हणजे सामुदायिक उपासनेनंतर, आमच्या चर्चच्या आवारात एका टेबलावर माझ्या पहिल्या पुस्तकाच्या प्रती मांडल्या गेल्या. पहिली ओळ लिहिल्यापासून त्या टेबलापर्यंत पोहोचायला अडीच वर्षे लागली. या काळात मराठीतून ख्रिस्ती लेखन करू पाहणाऱ्या माणसाने काय वाचावे, कोणाकडे जावे, कोणते अर्ज भरावेत हे सलगपणे सांगणारे कोणी भेटले नाही, म्हणून तारखा, खर्च आणि थांबलेले महिने यांसह सगळे इथे लिहून ठेवत आहे.

मी वसईच्या पट्ट्यातील कुपारी या ख्रिस्ती समाजातली. घरी सामवेदी, म्हणजे आमची कादोडी बोली, शाळेत पाठ्यपुस्तकाची मराठी आणि चर्चमध्ये प्रार्थनांची मराठी, अशा तीन भाषांत वाढले. मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते, त्यामुळे व्याकरणाची भीती नव्हती. आजीवर आणि तिच्या पिढीच्या श्रद्धेवर लिहायचे फार दिवस मनात होते, पण कागद पुढे घेतला की प्रवचनच उतरत असे. २ मार्च २०२२ रोजी राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस होता. उपवासकाळात काहीतरी नेमाने करावे म्हणून मी ठरवले की या ४० दिवसांत स्वतःचे एक अक्षरही लिहायचे नाही. रोज रात्री ‘ख्रिस्तपुराणा’तील दहा ओव्या वहीत उतरवायच्या.

ग्रंथाची देवनागरी प्रत आमच्या धर्मग्रामातील, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीतील, एका फादरांनी वाचायला दिली. फादर थॉमस स्टीफन्स हे जेझुइट संघाचे इंग्रज धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आले आणि त्यांचे हे पुराण १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले, इतके मला पाठ्यपुस्तकातून माहीत होते. मोगऱ्याची उपमा देऊन त्यांनी केलेली मराठीची स्तुतीही पाठ होती. पण त्या चार ओळींच्या पलीकडे जवळजवळ ११ हजार ओव्या आहेत, याची जाणीव पुस्तक मांडीवर घेतल्यावरच झाली. गोव्यातल्या सासष्टीतील एका नवख्रिस्ती ब्राह्मणाने ‘आम्हांला पुराणांसारखे वाचायला काहीतरी द्या’ अशी मागणी केली आणि त्यातून ग्रंथ सिद्ध झाला, हे त्यातच सांगितले आहे. परदेशातून आलेला माणूस स्वर्गाला सरळ ‘वैकुंठ’ म्हणतो आणि ऐकणाऱ्याच्या कानाला रुळलेल्या ओवीच्या चालीवर येशूची कथा सांगतो, हे हाताने उतरवून घेताना जसे कळले तसे नुसते वाचून कळले नसते. ईस्टरच्या आदल्या रात्री वहीत ४०० ओव्या भरल्या होत्या.

याचा पहिला परिणाम मात्र चांगला झाला नाही. मे ते सप्टेंबर २०२२ या पाच महिन्यांत मी जे लिहिले ते सगळे जुन्या मराठीच्या ठसक्यात लिहिले. अलंकारावर अलंकार आले आणि प्रत्येक परिच्छेदाची सुरुवात नमनाने झाली. त्यातले एक वाक्य मी मुद्दाम जपून ठेवले आहे: ‘परमकृपाळू परमेश्वराच्या अगाध करुणेने माझ्या पूज्य आजीचे अवघे जीवन प्रार्थनेच्या सुगंधाने दरवळून गेले होते.’ त्या वेळी हे वाक्य मला फार आवडले होते. ऑक्टोबरमध्ये चार लेख एका मासिकाकडे पाठवले; जानेवारी २०२३ मध्ये ते परत आले. सोबत संपादकांची हाताने लिहिलेली दोन ओळींची चिठ्ठी होती: ‘भाषेवर मेहनत दिसते. आजी कुठेच दिसत नाही.’ त्या चिठ्ठीने मी आठवडाभर कोणाशी धड बोलले नाही. पण चिठ्ठी खरी होती. लेख परत येतात तेव्हा सोबतचा असा कागद टाकून देऊ नये. मी तो वहीच्या पहिल्या पानावर चिकटवला.

त्यानंतर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा हाती घेतली. कॉलेजात असताना ती वाचली होती, पण तेव्हा कथा वाचली होती. आता वाक्ये वाचू लागले. फेब्रुवारीपासून रोज एक पान उतरवायचे आणि समासात शिसपेन्सिलीने लिहायचे की या पानावर बाईंनी कोणती गोष्ट सांगितली नाही. हा खेळ मला फार शिकवून गेला. वडिलांचे सोवळे त्या सांगतात, त्यापायी घरातल्या बायकामाणसांचे झालेले हाल सांगतात, पण वडिलांना दोष देणारे विशेषण शोधूनही सापडत नाही. पती, कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा स्वतःवर कोसळलेले दुःख त्या इतक्या साध्या शब्दांत लिहितात की वाचणाऱ्याला तिथे थांबावेच लागते. शालेय शिक्षण जवळजवळ नसलेल्या या बाईने पुढे पतीचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पूर्ण केले. म्हणजे ओवीतले काव्य त्यांना जमत नव्हते असे नाही. स्वतःची हकिकत सांगताना त्यांनी ते बाजूला ठेवले. माझ्या दृष्टीने हाच त्यांचा सर्वांत मोठा धडा आहे. श्रद्धेचा शब्द वाक्यात आणला नाही तरी श्रद्धा वाक्यातून जात नाही, हा विश्वास मला त्यांच्या गद्याने दिला.

एप्रिल २०२३ मध्ये मी तेच आजीचे वाक्य पुन्हा लिहायला घेतले. पहिल्यांदा ‘परमकृपाळू’ काढले, मग ‘अगाध’, मग ‘पूज्य’. ‘सुगंधाने दरवळून’ काढायला दोन दिवस लागले, कारण आमच्या वाडीत मोगरा होता आणि तो शब्द खोटा नव्हता. शेवटी स्वतःला विचारले, की आजी प्रार्थना नेमकी कधी करायची? उत्तर डोळ्यांपुढे उभे राहिले आणि वाक्य असे झाले: ‘उजाडायच्या आत आजी मोगऱ्याच्या कळ्या खुडायला वाडीत जाई, आणि ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत तिचे दहा नमो मरिया पुरे होत, जपमाळ घरात खुंटीला असे, कारण दोन्ही हात कळ्यांत असत.’ पुस्तकाचे खरे काम त्या दिवशी सुरू झाले असे मी मानते.

टिळकांच्या कवितेकडे मी उलट्या वाटेने आले. जखमी पक्षिणीवरची त्यांची कविता शाळेत शिकले होते आणि पुढे स्वतः वर्गात शिकवलीही होती, पण ‘अभंगांजली’ पहिल्यांदा वाचली ती या काळात. वारकरी परंपरेतला अभंग त्यांनी उसना आणल्यासारखा वापरलेला नाही. तो त्यांचाच होता आणि धर्म बदलल्यावरही त्यांचाच राहिला. याच सुमारास पंडिता रमाबाईंनी केलेले बायबलचे भाषांतर पाहिले. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले हे भाषांतर, सामान्य बायकांना समजेल अशी मराठी असावी हा त्यामागचा आग्रह, आणि केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या स्त्रियांनीच चालवलेला छापखाना. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या आणि ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. ती भाषा आज काही ठिकाणी खडबडीत लागते, तरीही अवघड शब्द समोर आला की ‘केडगावच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या बाईला हा कळला असता का?’ असा प्रश्न मी स्वतःला विचारू लागले.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याबद्दल थोडक्यात लिहिणे मला कठीण जाते, कारण त्यांना आम्ही आधी ऐकले आणि मग वाचले. १९८३ ते २००७ या काळात ते ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते आणि आमच्या घरी तो अंक येत असे. वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी ते रस्त्यावर उतरले, २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, हे सर्वांना ठाऊक आहे. माझ्यासाठी महत्त्वाचे हे की शुभवर्तमानातील वचन आणि तुकोबांचा अभंग ते एकाच परिच्छेदात आणत, आणि दोन्हींपैकी कोणी पाहुणा वाटत नसे. बावखळ (म्हणजे आमच्याकडचे छोटे तळे), वाडी, विहिरीवरचा रहाट हे शब्द ख्रिस्ती लेखनात बसतात की नाही, ही माझी शंका त्यांच्या लेखांनी फार पूर्वीच मिटवायला हवी होती. मला ती मिटलेली कळायला उशीर झाला.

पहिला पूर्ण खर्डा ऑक्टोबर २०२३ मध्ये झाला. तो मी आधी कोणा जाणकाराला दिला नाही, मावशीला वाचून दाखवला. ती वालाच्या शेंगा सोलत बसायची आणि मी वाचायचे. तिचे हात थांबले की मी पानावर बरोबरची खूण करायचे; शेंगा भराभर सोलल्या जाऊ लागल्या की त्या ठिकाणी मी नक्की काहीतरी सजवून लिहिलेले असायचे. ‘स्नानसंस्कार’ लिहावे की ‘बाप्तिस्मा’ यावर मी चार दिवस घालवले होते. मावशी म्हणाली, ‘आपण घरी जे म्हणतो तेच ठेव, आणि सगळीकडे तेच ठेव.’ नंतर शुद्धलेखन तपासणाऱ्या बाईंनीही नेमके हेच सांगितले. वेगवेगळ्या पंथांचे ख्रिस्ती शब्द वेगवेगळे आहेत, आणि एकाच पुस्तकात दोन्ही आले की वाचक अडखळतो. शब्दांची एक यादी सुरुवातीलाच करून ठेवावी.

आता कागदपत्रांकडे येते. चर्चच्या विधीसंहितेनुसार प्रार्थनापुस्तके आणि धर्मशिक्षणाची पुस्तके यांना बिशपांची परवानगी लागते. ललित लेखनाला ती सक्तीची नाही, मात्र धर्मविषयक पुस्तक चर्चमध्ये विकायचे असेल तर परवानगी हवी. मला पुस्तक मिस्सानंतर मांडायचे होते, म्हणून ६ नोव्हेंबर २०२३ रोजी हस्तलिखिताच्या दोन छापील प्रती, धर्मग्रामाच्या फादरांचे पत्र आणि एक पानाचा सारांश घेऊन बिशप हाऊसला गेले. शुल्क काही नव्हते. हस्तलिखित एका परीक्षकांकडे गेले आणि १२ आठवड्यांनी, २९ जानेवारी २०२४ रोजी, परत आले. या तीन महिन्यांत आपण काही चुकीचे तर लिहिले नाही ना, या भीतीने मला अनेकदा झोप लागली नाही. परीक्षकांनी तीन ठिकाणी पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. दोन ठिकाणी वचनाचा संदर्भ चुकला होता. तिसरी खूण ‘मरियामातेची आराधना’ या शब्दांखाली होती आणि समासात लिहिले होते, ‘आराधना केवळ देवाची, मातेची भक्ती.’ वहीत चार लेखक उतरवून काढलेल्या मला, एका शब्दाचे इतके वजन असते हे त्या पेन्सिलीच्या रेघेने दाखवले. दुरुस्त्या करून पाने परत दिली आणि दहा दिवसांत परवानगीचे पत्र मिळाले. परवानगीचा मजकूर पुस्तकाच्या श्रेयपानावर छापायचा असतो, म्हणून छपाईच्या आधी हे सर्व पूर्ण व्हावे लागते.

दुसरा प्रश्न उद्धृतांचा होता. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतात, त्यामुळे टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्या ओळी घ्यायला अडचण नव्हती. रमाबाईंचे भाषांतरही आता हक्कमुक्त आहे. म्हणून वचने शक्य तिथे त्यांचीच घेतली. सध्या वापरात असलेल्या भाषांतरातील सहा वचने मात्र हवी होती. बायबल जुने म्हणून त्याचे भाषांतरही मोकळे, असा आपला समज असतो. तसे नाही, नव्या भाषांतराचे हक्क प्रकाशकांकडे असतात. मी पत्र लिहिले, त्यात वचने, पानांची संख्या आणि प्रतींची संख्या दिली. पाच आठवड्यांनी लेखी परवानगी आली.

प्रकाशनासाठी एका ठिकाणी विचारणा केली होती. ३०० प्रतींसाठी ६५,००० रुपये सांगितले गेले आणि कशाचे किती हे विचारल्यावर उत्तर मिळाले नाही, म्हणून स्वतःच काढायचे ठरवले. अक्षरजुळणीला पानाला ३० रुपये लागले आणि १५२ पाने झाली. तेव्हा मुद्रकांनी समजावले की पुस्तक १६ पानांच्या फर्म्यावर छापले जाते. १५२ म्हणजे साडेनऊ फर्मे. ८ पाने वाढवा किंवा कमी करा. वाढवणे सोपे होते. पण पुस्तकात २०२२ सालचा एक लेख उरला होता, जुन्या मराठीच्या ठसक्यातला. पाच महिन्यांच्या मेहनतीतला तो शेवटचा तुकडा मी कसाबसा वाचवत आले होते. तो बरोबर ८ पानांचा होता. एक रात्र विचार करून तो काढला आणि पुस्तक १४४ पानांचे झाले.

छापण्यापूर्वीची शेवटची प्रत प्रत्यक्ष कागदावर काढून तपासावी, हे कळकळीने सांगते. माझा मजकूर युनिकोडमध्ये होता आणि जुळणीसाठी तो जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये बदलला गेला. पडद्यावर सगळे ठीक दिसत होते. कागदावर वाचताना ३१ ठिकाणी ‘ख्रिस्त’ या शब्दातला र गळून ‘खिस्त’ झालेला आढळला. रफार, ‘ऱ्य’ आणि ‘ख्रि’ ही तीन ठिकाणे वेगळी शोधून पाहावीत. शुद्धलेखन तपासायला पानाला २५ रुपये दिले. तो पैसा वाचवू नये.

आयएसबीएन, म्हणजे प्रत्येक पुस्तकाला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मिळतो. अर्ज ऑनलाइन असतो आणि शुल्क नाही. ओळखपत्र, मुखपृष्ठ आणि शीर्षकपान जोडावे लागते. एप्रिल २०२४ मध्ये केलेला माझा अर्ज परत आला, कारण शीर्षकपानावर मी आडनाव ज्या रीतीने लिहिले होते ते ओळखपत्राशी जुळत नव्हते. आमची पोर्तुगीज आडनावे दहा प्रकारे लिहिली जातात. लेखकाचे नाव ठरवतानाच ओळखपत्र समोर ठेवावे. दुरुस्त अर्जावर तीन आठवड्यांनी क्रमांक मिळाला. कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नसते, हक्क लिहिल्याबरोबर आपलाच असतो, तरी ५०० रुपये भरून ती केली. अर्जाचा डायरी क्रमांक लगेच मिळतो आणि हरकतींसाठी ३० दिवस थांबावे लागते. प्रमाणपत्र मला पाच महिन्यांनी मिळाले. जुळणी ४,५६०, शुद्धलेखन ३,६००, मुखपृष्ठ ४,००० आणि ३०० प्रतींची छपाई, प्रतीला ९० प्रमाणे, २७,०००. नोंदणीचे ५०० धरून एकूण ३९,६६० रुपये झाले.

पुस्तक जुलैअखेर मिळणार होते. पहिली प्रत फादर दिब्रिटोंना नेऊन द्यायची हे मी वर्षभर मनात धरले होते. काय बोलायचे तेही ठरवले होते. २५ जुलै २०२४ रोजी फादर गेले. बातमी आली तेव्हा मी सातवीच्या वर्गावर होते. मुलांना उतारा वाचायला सांगून खिडकीशी उभी राहिले. त्याच संध्याकाळी मुद्रकांचा फोन आला की पहिल्या पानाचा शेवटचा नमुना तयार आहे, काही बदल आहे का. अर्पणपत्रिकेत आजीचे नाव होते. त्याखाली एक ओळ वाढवावी असे फार वाटले, पण घाईने लिहिलेली ती ओळ मोठमोठ्या शब्दांची झाली असती, हे माझे मलाच कळले. बदल नाही असे सांगितले.

सणाच्या दिवशी ६४ प्रती गेल्या. मावशीने पैसे देऊन प्रत घेतली आणि मी नको म्हटले तरी ऐकले नाही. त्या आठवड्यात एक काम उरले होते. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशित पुस्तकाची प्रत ३० दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, तसेच चेन्नई, मुंबई आणि दिल्ली येथील नेमलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवायची असते. हे अनेक हौशी प्रकाशकांना माहीत नसते. चार पाकिटे घेऊन पोस्टात गेले. खिडकीपलीकडच्या बाईंनी ती एकेक वजनकाट्यावर ठेवली आणि ‘आत काय आहे?’ असे विचारले. ‘पुस्तक,’ मी म्हटले. ‘तुमचे?’ मी हो म्हटले. चारही पावत्या मी त्याच वहीत, संपादकांच्या चिठ्ठीशेजारी चिकटवल्या आहेत.

५ मार्च २०२५ रोजी पुन्हा राखेचा बुधवार आला. त्या रात्री नवी वही काढली आणि बाबा पदमनजींच्या १८५७ च्या ‘यमुनापर्यटन’ या कादंबरीचे पहिले पान उतरवून घेतले.